मी पाहिलं, असं सांगितल्यानंतर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मला त्या आठवड्यात सासूबाईंपासून औषधांचा माल टाकायला येणाऱ्या मुलापर्यंत प्रत्येकाने ऐकवलं. सगळे काळजीने बोलत होते, माझ्या वाईटावर कुणीच नव्हतं. पण त्यांतल्या एकानेही कधी साक्ष दिलेली नव्हती, आणि पायरी चढल्यावर पुढे नेमकं काय होतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मी ती चढून आले आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात माझं मेडिकलचं दुकान आहे. डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. त्या हिवाळ्यात पुण्याच्या पेपरात रोज कोयता गँगची, म्हणजे कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांच्या टोळ्यांची, बातमी असायची. दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे अंडाभुर्जीची गाडी लागते. रात्री नऊच्या सुमारास मोटारसायकलवरून दोघे आले. एकाला मी ओळखत होते, आमच्याच भागातला मुलगा. दुसरा कधी पाहिलेला नव्हता. भुर्जीवाल्याशी हप्त्यावरून बाचाबाची झाली, ओळखीच्या मुलाने त्याला मागून धरलं आणि दुसऱ्याने पाठीमागून शर्टाखालचा कोयता काढला. पहिला वार भुर्जीवाल्याने हातावर घेतला, दुसरा खांद्यावर बसला.

रस्त्यावर चाळीसएक माणसं तरी होती. ही माणसं वाईट नव्हती. त्यांतले निम्मे माझे गिऱ्हाईक आहेत, कुणाच्या आईच्या बीपीच्या गोळ्या कधी संपतात हे मला पाठ आहे. पण सगळे जागच्या जागी थिजले होते. एक गृहस्थ हातातली प्लेट तशीच धरून उभे होते, पाव अर्धा तोंडात. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. तिघांनी मोबाइल वर धरले होते.

मी काउंटरवरून ओरडले. "वाचवा" वगैरे नाही. "ए, निळं जॅकेट! गाडी चालू कर आणि हॉर्न दाबून ठेव. सोडू नकोस." तो कॉलेजचा मुलगा होता, बाइकवर बसून बघत होता. त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं आणि हॉर्न दाबला. मग शेजारच्या रिक्षावाल्याने दाबला. मग आणखी कुणी. आठ-दहा गाड्यांचा हॉर्न एकदम वाजायला लागला तशी माणसं हलली, दोघे-तिघे दगड उचलून पुढे सरकले, आणि ते दोघे गाडीवर बसून पळाले. काउंटरवर गर्दी झाली की मी अशीच कपड्यांवरून हाक मारते, "पिवळा ड्रेस, तुमचं बिल", त्या सवयीनेच तोंडातून निघालं. मानसशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मुलीने नंतर मला सांगितलं की त्या क्षणी हेच करायला हवं असतं. गर्दीला हाक मारली तर ती कुणालाच मारलेली नसते.

तिच्याकडून कळलेलं आणखी थोडं इथेच सांगते. न्यूयॉर्कमध्ये मार्च १९६४ मध्ये किटी जिनोव्हेज या तरुणीचा खून झाला, आणि अडतीस लोक बघत राहिले अशी बातमी तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने दिली. त्या बातमीनंतर बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघांनी प्रयोग केले. १९६८ च्या एका प्रयोगात खोलीत धूर सोडला. माणूस एकटा बसलेला असताना ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. शेजारी ढिम्म बसून राहणारे दोन जण मुद्दाम बसवले, तेव्हा फक्त १० टक्के लोकांनी. बाकीच्यांना वाटलं, हे शांत आहेत म्हणजे काही विशेष नसेल. अडतीस साक्षीदारांची ती मूळ बातमी पुढे फुगवलेली निघाली, आणि २०१६ मध्ये त्या वर्तमानपत्राने जुन्या बातमीला तशी टीपही जोडली. लोकांनी फोन केले होते, आणि एक शेजारीण तर खाली धावत जाऊन तिच्यापाशी बसली होती. अलीकडे लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाऊन या शहरांतल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहांतल्या नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं. म्हणजे माणसाची मूळ जात निगरगट्ट नाही. मला यात दिलासा वाटतो.

पण आपल्याकडे माणूस थबकतो त्याची कारणं मला प्रयोगशाळेपेक्षा पुढच्या तासाभरात जास्त कळली.

भुर्जीवाल्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं. गॉज आणि रोलर बँडेज हाताशीच होतं, जखमेवर जोराने दाबून धरलं. निळ्या जॅकेटने ११२ ला फोन लावला. रिक्षावाला न्यायला तयार झाला, अट एकच: "ताई, नेतो, पण गाडीचा नंबर कुणाला देऊ नका." त्याचं परमिट मुदतीबाहेर गेलेलं होतं. दगड उचललेला एक जण बिहारहून आलेला फरशी कामगार होता, तो पोलिसांची गाडी दिसायच्या आत निघून गेला. प्लेटवाले गृहस्थ म्हणाले, मुलीचं लग्न ठरलंय, आता कुठे नाव नको. चहाची टपरी चालवणाऱ्याकडे परवाना नाही, अतिक्रमणवाले महिन्यातून एकदा त्याचा स्टोव्ह उचलून नेतात. ज्याची रोजची भाकर अशा अर्धवट कागदांवर उभी आहे त्याने पोलिसांपुढे जाऊन "मी पाहिलं" म्हणायचं म्हणजे आधी स्वतःचे कागद दाखवायचे. हिंमत ही नुसती छातीत नसते, ती खिशातही असावी लागते. माझ्याकडे दुकानाचं लायसन्स होतं, फार्मसीची पदवी होती, नवऱ्याची पक्की नोकरी होती. म्हणून माझं नाव लिहून द्यायला मला सोपं गेलं. मी त्या माणसांपेक्षा शूर आहे असं मला आजही वाटत नाही.

मार्शल, म्हणजे मोटारसायकलवरचे गस्तीचे पोलीस आले, मागून ठाण्याची गाडी आली. घटनास्थळाचा पंचनामा करायचा म्हणून हवालदारांनी दोन पंच मागितले, आणि समोरची तीन शटरं धडाधड खाली आली. पंच म्हणजे काय हेच लोकांना माहीत नसतं. पोलिसांनी काय पाहिलं, काय उचललं, हे बघून कागदावर सही करणारे दोन तटस्थ साक्षीदार, इतकंच. पुढे त्यांनाही कोर्टात बोलावतात, म्हणून कुणी पुढे येत नाही. शेवटी किराणावाले काका आणि समोरच्या सोसायटीचे वॉचमन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी माझा जबाब. दिरांनी बजावलं होतं, ठाण्यात जायचं नाही आणि कुठेही सही करायची नाही. दोन्ही बाबतींत कायदा माझ्या बाजूने होता. साक्षीदार बाई असेल तर जबाबासाठी तिला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्याकडेच यावं लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १६० मध्ये होतं. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १७९ मध्येही ते आहे, आणि साठीपुढची माणसं, अपंग आणि गंभीर आजारी यांनाही ते लागू आहे. आणि पोलिसांपुढच्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. फिर्याद देणाऱ्याची सही लागते, जबाब देणाऱ्याची नाही.

महिला हवालदार दुकानाच्या आतल्या खोलीत बसल्या. मी बोलत होते, त्या लिहीत होत्या. "समक्ष विचारले वरून जबाब देते की" इथपासून भाषा त्यांची, घटना माझी. वाचायला दिलं तेव्हा एका ओळीत लिहिलेलं होतं, "दोन्ही इसमांनी कोयत्याने वार केले." मी म्हटलं, नाही मॅडम, कोयता एकाकडेच होता, दुसऱ्याने धरून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "अर्थ तोच ना ताई?" अर्थ तोच नव्हता. मी आग्रह धरला, त्यांनी कुरकुर न करता ओळ बदलली. त्या एका ओळीचं मोल मला तीन वर्षांनी उलटतपासात कळलं. जबाब द्यायची वेळ आली तर शेवटचं वाक्य, "माझा वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे", हे येईपर्यंत खरंच प्रत्येक ओळ वाचा. घाई त्यांना असते, आपल्याला नसावी.

काही दिवसांनी तपासी अधिकाऱ्यांनी मॅजिस्ट्रेटसमोर जबाब देणार का असं विचारलं. तेव्हाचं कलम १६४, आता १८३. हा जबाब शपथेवर असतो आणि त्याच्यावर सही असते. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा न्यायाधीशांच्या दालनात बसले. सोबत आलेल्या पोलिसाला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. मग मला विचारलं, कुणी दबाव आणलाय का, स्वतःच्या इच्छेने सांगताय का. पाणी पिऊन घ्या म्हणाल्या. तेवढ्याने माझा आवाज सुटला.

ओळख परेड येरवड्याच्या कारागृहात झाली. अनोळखी आरोपी तोवर पकडला गेला होता. सिनेमात काचेच्या पलीकडे आरोपी आणि अलीकडे अंधारात साक्षीदार असतो, तसं काही नसतं. परेड पोलीस घेत नाहीत, कार्यकारी दंडाधिकारी घेतात, सोबत दोन पंच. तपासाचे पोलीस आसपासही नसतात. साधारण त्याच वयाची, त्याच अंगकाठीची माणसं एका रांगेत उभी करतात, आणि त्यांत आरोपी त्याला हवं त्या जागी उभा राहतो. मी त्यांच्यासमोरून चालत गेले, हाताच्या अंतरावरून. तो डावीकडून चौथा होता, दाढी वाढवलेली. कानाच्या पाळीखालचा डाग मात्र दाढीने झाकला नव्हता. मी बोट दाखवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ. त्या नजरेची भीती मला त्या रात्री वाटली, पुढेही कितीतरी दिवस वाटली. बघे का थांबतात हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने एकदा त्या रांगेसमोरून चालून बघावं. साक्षीदाराने आरोपीला ओळखायचं, तेव्हा आरोपीही साक्षीदाराला ओळखून घेत असतो.

आणि पत्ता? तोही जातो. दोषारोपपत्रात साक्षीदारांची नावं आणि राहण्याची ठिकाणं असतात, आणि दोषारोपपत्राची प्रत आरोपीला द्यावीच लागते, कारण आपल्याविरुद्ध कोण काय म्हणतंय हे कळण्याचा त्याला हक्क आहे. तो हक्क मला मान्य आहे. पण पहिल्या दिवशी जबाब घेताना मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मोठ्या माणसाला खरं सांगावं, मग तो ठरवतो.

दोषारोपपत्र गेल्यानंतर एक दिवस दुकान बंद करायच्या वेळेला चाळिशीचा एक माणूस आला. क्रोसिनची पट्टी घेतली, सुटे पैसे मोजून ठेवले आणि म्हणाला, "वहिनी, तुमची मुलगी क्लासवरून साडेआठलाच येते ना?" बस्स. ना शिवी, ना हत्यार. मी पट्टी पिशवीत घातली आणि तो गेल्यावर खुर्चीवर बसले ते उठताच येईना.

याच क्षणी बहुतेक साक्षीदार गळतात आणि मला त्यांचा राग येत नाही. नवऱ्याने एकदाच विचारलं, थांबायचं का? मुलगी म्हणाली, नको आई, मी वेळ बदलते क्लासची. मग मी सरकारी वकिलांना गाठलं आणि त्यांच्याकडून एक गोष्ट पहिल्यांदाच कळली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिच्याकडे साध्या अर्जावर संरक्षण मागता येतं. मग पोलीस धोक्याचा अहवाल देतात, त्याला कामाच्या पाच दिवसांची मुदत असते, आणि धोका किती त्याप्रमाणे साक्षीदाराची श्रेणी ठरते. गस्त, घराला कॅमेरा, कोर्टात नेण्या-आणण्याची सोय, अगदी बंद दालनात साक्ष, असं बरंच काही तिच्यात बसतं. खोटी साक्ष देण्यासाठी साक्षीदाराला धमकावणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मी अर्ज केला. दुकानाचं कॅमेरा फुटेजही जोडलं. गस्त सुरू झाली, रात्री मार्शल दुकानापुढे थांबून वहीत सही घेऊ लागले. तो माणूस परत आला नाही. ही योजना होऊन चार वर्षं उलटली होती आणि माझ्या ओळखीतल्या एकाही माणसाला, एका वकील भाच्याला धरून, ती माहीत नव्हती. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर इतक्या पाट्या असतात. ही का नसावी?

अपघाताच्या बाबतीत चित्र थोडं बदललं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१६ च्या आदेशानंतर आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४ अ नंतर रस्त्यावरच्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. पण ते अपघातापुरतं. कोयत्याने जखमी झालेल्याला नेणाऱ्या माझ्या रिक्षावाल्याला त्याचा आधार नव्हता. एक मात्र आहे: जखमीवर उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. दवाखान्यात "पोलीस केस आहे, आधी पत्र आणा" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

आणखी एक भीती मला गिऱ्हाइकं बोलून दाखवतात, मध्ये पडलो आणि त्यालाच लागलं तर माझ्यावरच केस. स्वतःच्या अंगाइतकाच दुसऱ्याच्या अंगाचा बचाव करण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिलेला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत तो कलम ९७ मध्ये होता, तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३५ मध्ये आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही मर्यादा. तरी मी कुणाला नुसत्या हाताने कोयत्यासमोर जा असं कधीच सांगणार नाही. २० ऑक्टोबर २०११ ला अंधेरीच्या आंबोलीत कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस यांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकलं. ते लोक साथीदार घेऊन परत आले. भर रस्त्यात लोकांसमोर वार झाले. कीनन त्याच दिवशी गेला, रूबेन ३१ ऑक्टोबरला. त्यांच्यासोबतचे मित्रमैत्रिणी कोर्टात उभे राहिले आणि मे २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. ती दोन मुलं एकटी पडली, याचं दुःख मला आजही होतं. जून २०२४ मध्ये वसईत सकाळच्या वर्दळीत एका तरुणीला लोखंडी पान्याने मारून टाकलं, त्या चित्रफितीत एक जण पुढे जाताना दिसतो. त्याला धमकावलं जातं, तो मागे सरतो. त्याच्या जोडीला दुसरा कुणी जात नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २७ जून २०२३ ला, आमच्याच पुण्यात सदाशिव पेठेत एका मुलीच्या मागे कोयता घेऊन मुलगा धावत होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या लेशपाल जवळगेने त्याचा हात पकडला, हर्षद पाटील आणि आणखी मुलं धावली, ती मुलगी वाचली. वसई आणि सदाशिव पेठ यांच्यात मला तरी फरक दिसतो तो दुसऱ्या माणसाचा. पहिल्याला बळ दुसरा देतो.

आता कोर्ट. समन्स पोलीस शिपाई दुकानात आणून देतो, पोचवर सही घेतो. न गेल्यास वॉरंट निघू शकतं, त्यामुळे जायचंच. पहिल्या तारखेला आरोपींना तुरुंगातून आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही. पुढच्या तारखेला बचावाच्या वकिलांनी मुदत मागितली. एकदा न्यायाधीश रजेवर. प्रत्येक वेळी दुकानात दुसरा फार्मासिस्ट उभा करून, त्याला दिवसाचे पैसे देऊन जायचं. साक्षीदाराला येण्या-जाण्याचा भत्ता मिळतो, पण तो मागावा लागतो, त्याचा फॉर्म असतो, आणि हे पैरवी अधिकारी, म्हणजे कोर्टात खटल्याचं काम बघणारे पोलीस, सांगतील तरच कळतं. माझ्या दुकानावर भागतं, पण रोजंदारीवरच्या माणसाने काय करायचं? भुर्जीवाल्याने प्रत्येक तारखेला धंद्याची संध्याकाळ घालवली, कारण गाडीची तयारी दुपारपासून करावी लागते.

कॉरिडॉरमध्ये एकच लाकडी बाक. त्यावर मी, आणि शेजारी आरोपीची आई. ती रडत होती. मला म्हणाली, "ताई, तुम्हाला पण लेकरू आहे." मी काही बोलले नाही, बोलायला काही नव्हतंच. साक्षीदार आणि आरोपीचे नातेवाईक एका बाकावर बसावेत ही व्यवस्था दोघांवरही अन्याय करणारी आहे. नाजूक स्थितीतल्या साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्र असावं असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला आहे, आणि ज्यांना धोका आहे असे साक्षीदारही त्यात धरले आहेत. त्या आदेशाचं महत्त्व मला त्या बाकावर कळलं.

अखेर पुकारा झाला. शपथ घेतली. सरकारी वकिलांचा सरतपास, म्हणजे त्यांनी प्रश्न विचारून घटना सांगायला लावणं, वीस मिनिटांत झाला. मग उलटतपास. बचावाचे वकील अजिबात ओरडले नाहीत. अतिशय सभ्यपणे त्यांनी विचारलं, रस्त्यावर दिवे किती होते, त्यांतले चालू किती, तुमच्या काउंटरवर औषधांचं स्टँड आहे ना, त्याच्या वरून रस्ता दिसतो का, तुम्हाला चष्मा आहे ना, नंबर किती. कानाखालच्या डागाचा उल्लेख माझ्या पोलीस जबाबात नव्हता. ते त्यांनी शोधून काढलं. टंकलेखकाने उत्तर टाइप केलं ते असं, "सदरचा मजकूर माझ्या पोलीस जबाबात का नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही." वाचताना वाटलं, मी खोटी पडले. सरकारी वकील नंतर म्हणाले की प्रत्येक साक्षीदाराच्या साक्षीत हे वाक्य असतं, माणूस पाठ केल्यासारखं तंतोतंत बोलला तरच न्यायाधीशांना शंका येते.

मग कोयता किती जणांकडे होता, हा प्रश्न आला. तीन प्रकारे आला. माझं उत्तर तेच राहिलं, जबाबातही तेच होतं, मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबातही तेच. शेवटी सूचना सुरू झाल्या, म्हणजे बचावाचे वकील आपलं म्हणणं मांडून ते खरं आहे ना असं विचारू लागले, आणि टंकलेखक माझी उत्तरं लिहीत गेला: "हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी दुकानात हजर नव्हते. हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीस ओळखत नाही. हे म्हणणे खरे नाही की, पोलिसांचे सांगणेवरून मी आज खोटी साक्ष देत आहे." मला खोटी ठरवताहेत असं वाटून पोटात गोळा आला होता. पण आरोपीलाही कुणीतरी त्याच्या बाजूने विचारणारं हवं, आणि हे त्या वकिलांचं काम आहे. ज्याला हे आधी माहीत असतं त्याला लागत नाही. साक्ष वाचून दाखवली, मी सही केली. मागच्या बाकावरून भुर्जीवाल्याने हात जोडले, त्याचा डावा हात अजून पूर्ण वर जात नाही.

चहाच्या टपरीवाल्याची साक्ष माझ्यानंतर होती. तो फितूर झाला. "मी काही पाहिले नाही, पोलिसांनी काय लिहिले मला माहीत नाही." सरकारी वकिलांनी त्याचीच उलटतपासणी घेतली, तो मान खाली घालून नाही नाही म्हणत राहिला. संध्याकाळी त्याने दुकानात चहा पाठवला, पैसे घेतले नाहीत. त्याची खोली आरोपीच्या गल्लीत आहे, भाड्याची. संरक्षणाच्या अर्जाचं मी त्याला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, पोलीस रात्री येऊन सही घेऊन जातील, पण मला राहायचंय तिथंच." याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. माणूस साक्षीदार म्हणून टिकायला त्याचं घर आणि त्याची टपरी आधी टिकली पाहिजे, एवढं मला कळतं.

निळ्या जॅकेटवाल्या मुलाला गेल्या महिन्यात समन्स आलं. तो आता हिंजवडीत नोकरीला आहे. कागद घेऊन थेट दुकानात आला, चेहरा पडलेला. मी शटर अर्धं खाली घेतलं आणि त्याला तासभर बसवून सगळं सांगितलं. रजा दोन दिवस टाक, एका दिवसात होईलच असं नाही. डबा आणि पाण्याची बाटली ने. अकराच्या आधी पोच आणि पैरवीवाल्या हवालदारांना तोंड दाखव. सरकारी वकिलांना भेटून स्वतःचा जबाब वाचायला माग. प्रश्न पूर्ण होऊ दे, मग बोल. आठवत नसेल ते "आठवत नाही" म्हण, माहीत नसेल ते "माहीत नाही" म्हण, अंदाज बांधू नकोस. वकिलांकडे बघू नकोस, न्यायाधीशांकडे बघून उत्तर दे. टाइप झालेलं वाचल्याशिवाय सही करू नकोस. भत्त्याचा फॉर्म माग. त्याने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मग विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही येणार का?" साक्ष चालू असताना मला आत बसता येईल की नाही, हे सरकारी वकिलांना विचारून सांगते म्हटलं. विचारलं. माझी साक्ष झालेली आहे, त्यामुळे हरकत नाही. फार्मासिस्टला त्या दिवसासाठी सांगून ठेवलंय.